दोन पायांवर उभं करण्याआधी

शेकहँड शिकवून झाला, की बहुतेक घरांत पुढची फर्माईश ठरलेली असते: मागच्या दोन पायांवर उभं राहून 'नमस्ते'. पाहुणे हसतात, मुलं टाळ्या वाजवतात, कुणीतरी मोबाइल काढतं. व्हिडिओत डोकं कापलं गेलं म्हणून कुत्र्याला पुन्हा उभं केलं जातं. मग शेजारच्या काकूंसाठी आणखी एकदा.

कुत्र्याला करामती शिकवूच नयेत, असं मी म्हणणार नाही. सकाळ-संध्याकाळ साखळीला धरून फिरवून आणलं आणि बाकीचा दिवस गॅलरीत ठेवलं, तर हुशार कुत्रा चपला कुरतडतो, नाहीतर येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकत बसतो. शिकण्यात त्याला गोडी असते. अडचण अशी, की शरीराला झेपणारी करामत आणि न झेपणारी करामत बघणाऱ्याला सारखीच गोड दिसते, आणि न झेपणारीचे परिणाम पाच-सात वर्षांनी वर येतात. तोवर 'वय झालं आता त्याचं' म्हणून आपण मोकळे होतो. म्हणून काहीही शिकवण्याआधी कुत्र्याची जात, वय, वजन आणि घरातली फरशी नीट बघून घ्यावी. एका उडीनं सहसा काही बिघडत नाही. तीच उडी वर्षानुवर्षं रोज मारली, की बिघडतं.

चार पायांवर उभ्या असलेल्या कुत्र्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं आणि ४० टक्के मागच्या. मागचे पाय शरीर पुढे ढकलायला असतात. खुबा, गुडघा आणि घोटा हे तिन्ही सांधे कायम थोडे वाकलेले. माणूस गुडघे ताठ करून तासभर रांगेत उभा राहतो, कुत्र्याला ती सोय नाही. तो दोन पायांवर आला, की सगळा भार खुबे, गुडघे आणि कमरेच्या मणक्यांवर येतो, आणि तोल सांभाळायला मांड्यांचे व पाठीचे स्नायू सतत आवळून धरावे लागतात. ओट्यावर काय शिजतंय हे बघायला कुत्री आपण होऊन उभी राहतातच, पण दोन-चार सेकंदांत खाली येतात. त्यांनी स्वतः ठरवलेली ही वेळ आपणही पाळावी.

याहून वाईट सवय म्हणजे पुढचे दोन पंजे हातात धरून कुत्र्याला 'नाचवणं'. लग्नघरात, वाढदिवसाला हे हमखास दिसतं. पंजे आपल्या मुठीत असल्यामुळे त्याला थकल्यावर खाली येता येत नाही, तोल गेला तर सावरता येत नाही, आणि खांदे भलत्याच दिशेला ताणले जातात. घरातल्या मुलांना ही एक गोष्ट तरी स्पष्ट सांगून ठेवा.

दोन पायांवर चालणाऱ्या कुत्र्यांची हौस जगभर वाढली, त्यात टीव्हीचा वाटा मोठा. २०१२ मध्ये 'ब्रिटन्स गॉट टॅलेंट' ही स्पर्धा अ‍ॅशली बटलर ही तरुणी आणि तिचा कुत्रा पड्सी यांनी जिंकली. पड्सी मागच्या पायांवर झरझर चालायचा, तिच्याभोवती गिरक्या घ्यायचा. तो बॉर्डर कॉली, बिशाँ फ्रीझ आणि चायनीज क्रेस्टेड यांच्या संकरातून झालेला, हलक्या अंगाचा, लहान चणीचा कुत्रा होता, हे मात्र ते बघून आपल्या ३५ किलोच्या लॅब्रेडॉरला भिंतीला टेकवून उभं करणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. त्याच स्पर्धेत २०१५ मध्ये मॅटिस नावाचा कुत्रा जिंकला आणि नंतर गदारोळ झाला, कारण दोरीवरून चालण्याचा भाग चेज नावाच्या त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या कुत्र्यानं केला होता. प्रेक्षकांना न सांगता तसं करणं चूकच होतं. पण मॅटिसला उंचीवर जायला आवडत नाही म्हणून ते काम दुसऱ्याला दिलं, असं त्याच्या मालकिणीनं सांगितलं होतं. तेवढ्यापुरता तिचा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो. जे एकाला जमतं ते दुसऱ्याकडून ओढूनताणून करून घेतलं नाही.

आता जातींकडे येऊ, कारण इथेच सगळ्यात जास्त चुका होतात.

लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर या मोठ्या जातींत खुब्याचा सांधा सैल असण्याचा आनुवंशिक दोष, म्हणजे हिप डिस्प्लेझिया, बराच आढळतो. मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत घट्ट बसत नाही, घासत राहतो आणि पुढे संधिवात होतो. असा कुत्रा पिल्लूपणी छान बागडतो, म्हणून शंका येत नाही. तो ससा पळावा तसा मागचे दोन्ही पाय जोडून पळत असेल, किंवा बसताना एका कुशीवर कलून पाय बाजूला सोडत असेल, तर उड्या आणि दोन पायांचे खेळ त्याला शिकवू नयेत. जिन्यावरच्या किंवा उडीच्या कसरती सुरू करण्यापूर्वी खुब्यांचा एक्स-रे काढून घेतलेला बरा. खासगी दवाखान्यात सोय नसेल, तर परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत चौकशी करावी.

डॅक्सहुंडची गोष्ट वेगळी. लांब पाठ, आखूड पाय. त्याच्या मणक्यांमधल्या गाद्या लहान वयातच कडक व्हायला लागतात, आणि झटका बसला की गादी सरकून मज्जारज्जूवर दाबते. दर चार-पाच डॅक्सहुंडांमागे साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. काहींचे मागचे पाय एका रात्रीत लुळे पडतात. त्याला दोन पायांवर उभं करू नये, बसल्या बसल्या पुढचे पंजे उचलून धरायला लावू नये, सोफ्यावरून उडी मारू देऊ नये. बीगल, शित्झू, ल्हासा, पेकिनीज, कॉकर स्पॅनिअल यांनाही ही काळजी कमी-अधिक लागू आहे. पॉमेरेनियन, चिवावा यांसारख्या चिमुकल्या जातींत गुडघ्याची वाटी सरकते. चालता चालता मध्येच एक मागचा पाय उचलून दोन-तीन पावलं लंगडी घालायची आणि पुन्हा नीट चालायला लागायचं, ही त्याची खूण. लोक तिलाच करामत समजून हसतात.

पग, बुलडॉग यांचं चपटं नाक छान दिसतं, पण श्वास अपुरा पडतो. त्यांना शिकवायचंच असेल तर बसून करायचे खेळ शिकवावेत, तेही एसीत नाहीतर पहाटेच्या गारव्यात.

आपल्याकडच्या कारवान किंवा मुधोळ जातीच्या शिकारी कुत्र्यांबद्दल एक बाब सहसा सांगितली जात नाही. लांब पाय, भरलेल्या मांड्या आणि अंगावर चरबी नाही अशा या कुत्र्यांना टाइलवर ढुंगण टेकून बसणं फारसं सुखाचं नसतं. 'सिट' म्हटल्यावर तो अर्धवट बसून उठत असेल तर तो हट्टी नसतो. त्याला उभ्या उभ्या थांबायला शिकवा, धावत येऊन हाताला नाक लावायला शिकवा. त्यात तो कुणाला ऐकायचा नाही. गावठी कुत्री हाडापेरानं काटक असतात आणि चटकन शिकतात, पण रस्त्यावरून उचलून आणलेल्या पिल्लाला जुनी मोडलेली, वाकडी जुळलेली हाडं असू शकतात. आधी डॉक्टरांना दाखवावं.

वयाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. पिल्लाच्या लांब हाडांच्या टोकांना मऊ कूर्चेचा थर असतो, हाड तिथून वाढतं. वाढ संपली की तो थर कडक हाडात बदलतो. लहान जातींत हे १० ते १२ महिन्यांत उरकतं, मोठ्या जातींत १४ ते १८ महिने लागतात, ग्रेट डेनसारख्या धिप्पाड कुत्र्यांत त्याहूनही जास्त. त्याआधी या थराला मार बसला तर हाड वाकडं वाढू शकतं, आणि ते नंतर सरळ होत नाही. अडथळ्यांच्या शर्यतीत, म्हणजे अ‍ॅजिलिटीत, एफसीआय ही आंतरराष्ट्रीय संघटना १८ महिन्यांखालच्या कुत्र्याला उतरूच देत नाही, त्यामागे हेच कारण आहे. रिंगणातल्या सराईत प्रशिक्षकांना जी मर्यादा आहे, ती आपल्या हॉलमध्येही पाळायला हरकत नसावी. नसबंदी खूप लवकर केली तर हाडांची वाढ लांबते. मोठ्या जातीच्या कुत्र्याच्या बाबतीत शस्त्रक्रियेची वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवावी.

दीड वर्षापर्यंत मग काय करायचं? पुष्कळ काही. नावाला ओ देणं, सोडून दे, थांब, चटईवर जाऊन बस, पंजा दे, घंटी वाजव, हातावर हनुवटी टेकव. पिल्लाचा मेंदू सगळं टिपायला तयार असतो, सांधे नसतात.

उडीत खरा धोका वर जाण्यात कमी आणि खाली येण्यात जास्त. अ‍ॅजिलिटीतल्या कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेऊन झालेल्या मोठ्या पाहण्यांमध्ये साधारण एक तृतीयांश कुत्र्यांना कधी ना कधी इजा झालेली आढळली. खांदा आणि पाठ यांचा नंबर वरचा. ही शरीर कमावलेली, मऊ जमिनीवर खेळणारी कुत्री. आपल्या फ्लॅटमधल्या चकचकीत टाइल्सवर किंवा ग्रॅनाइटवर उडी मारून उतरणाऱ्या कुत्र्याचे पाय फाकतात, आणि मांडीच्या आतला स्नायू किंवा गुडघ्यातलं लिगामेंट तिथेच दुखावतं. शिकवण्याची जागा ठरवून तिथे रबरी पाठ असलेली चटई अंथरा. सतरंजी चालत नाही, ती स्वतःच सरकते. पंजाच्या गाद्यांमध्ये वाढलेले केस कापा, नखं फरशीवर टकटक वाजत असतील तर तीही. हे दहा मिनिटांचं काम कुठल्याही महागड्या सांध्यांच्या पावडरीच्या आधी करावं.

कड्यातून उडी शिकवायचीच असेल, तर कडं जमिनीपासून कुत्र्याच्या घोट्याइतक्या उंचीवर धरा. लोकांना ते तसंही तेवढंच आवडतं. फ्रिस्बी उंच फेकून कुत्र्याला हवेत उभं वळवणं, भिंतीवर पाय देऊन कोलांटी मारायला लावणं, पुढच्या दोन पंजांवर उलटं उभं करणं हे प्रकार मी तरी घरच्या कुत्र्यासाठी बादच करीन. आधी पाच-दहा मिनिटं साध्या चालीनं फिरवून अंग मोकळं करावं आणि नंतरही तसंच शांत करावं. झोपेतून उठवून थेट 'कर रे' म्हणू नये. एक करामत एका बैठकीत चार-पाचदा झाली की पुरे, मग व्हिडिओ येवो न येवो.

सराव रोज आणि भरपूर केला तरच कुत्रा शिकतो, हाही एक गैरसमज आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका डॅनिश प्रयोगात ४४ बीगल कुत्र्यांना एक काम शिकवलं गेलं. आठवड्यातून एक-दोनदा, थोडा थोडा वेळ शिकवलेली कुत्री रोज शिकवलेल्या कुत्र्यांहून कमी बैठकांत तयार झाली. म्हणजे दिवसाआड पाच मिनिटं दिली तरी काम होतं आणि सांध्यांनाही विश्रांती मिळते.

शिकवण्याच्या पद्धतीचाही शरीरावर परिणाम होतो. पोर्तुगालमधल्या पोर्टो शहरात प्रशिक्षणशाळांतल्या ९२ कुत्र्यांचा अभ्यास झाला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. गळपट्ट्याला हिसके, दरडावणी असल्या मार्गानं शिकवलेल्या कुत्र्यांच्या लाळेत शिकवणीनंतर कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक जास्त आढळलं. ती ओठ चाटत, जांभया देत, अंग आक्रसून घेत होती. खाऊ देऊन शिकवलेल्यांत हे बरंच कमी होतं. तेव्हा पंधरा दिवसांत करामती शिकवून देतो म्हणणाऱ्या माणसाकडे कुत्रा सोपवण्याआधी त्याची एक शिकवणी स्वतः बघा. बघू देत नसेल तर तिथून परत या.

खाऊ म्हटलं की आपल्याकडे ग्लुकोजचं बिस्कीट. पाच मिनिटांत सहा बिस्किटं सहज जातात, आणि त्यात साखर-मैद्याशिवाय फारसं काही नसतं. बक्षीस हरभऱ्याच्या दाण्याएवढं असलं तरी कुत्र्याला चालतं; त्याला मोठ्या तुकड्यापेक्षा वेळेवर मिळालेला तुकडा कळतो. उकडलेल्या चिकनचे बारीक धागे, गाजर, काकडी, थोडं पनीर. द्राक्षं, मनुका-बेदाणे, चॉकलेट, कांदा-लसूण आणि झायलिटॉल घातलेल्या बिनसाखरेच्या वस्तू अजिबात नकोत. दिवसभराचा खाऊ एकूण आहाराच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त होऊ देऊ नये, आणि तेवढं जेवण कमी करावं. ४८ लॅब्रेडॉरवर १४ वर्षं चाललेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २५ टक्के कमी खायला दिलेली कुत्री सरासरी १३ वर्षं जगली, बाकीची सव्वाअकरा वर्षांच्या आतबाहेर; शिवाय कमी खाणाऱ्यांना संधिवात उशिरा झाला. करामतींच्या नावाखाली वाढलेलं वजन त्याच करामतींमध्ये सांध्यांवर पडतं, असं हे दुष्टचक्र आहे.

जेवल्यावर लगेच लोळण घ्यायला किंवा उड्या मारायला लावू नये. ग्रेट डेन, डॉबरमन, जर्मन शेफर्ड अशा खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पिळा पडू शकतो. पोट टम्म, उलटीचा उमाळा पण बाहेर काही पडत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट न बघता तडक दवाखाना गाठावा.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला नकोच. कुत्र्याला घामाचा फारसा आधार नाही, धापेवाटेच उष्णता बाहेर टाकावी लागते. विदर्भ-मराठवाड्यात मार्चपासून पावसाळा लागेपर्यंत मैदानी सराव सूर्य वर येण्याआधीच संपवावा.

दुखतंय हे कुत्रा ओरडून क्वचितच सांगतो. एरवी आनंदानं करायचा ती करामत करताना तो घुटमळतो, तोंड फिरवतो, खाऊ दिसत असूनही उठत नाही. झोपून उठल्यावर पहिली काही पावलं ताठर पडतात. गाडीत उडी मारण्याऐवजी पुढचे पंजे ठेवून तुमच्याकडे बघतो. एकच सांधा सारखा चाटतो. कमरेला हात लावला की गुरगुरतो. यातलं काही दिसलं की सराव बंद करा, त्याच्या चालण्याचा व्हिडिओ काढा आणि तो डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यात घाबरलेला कुत्रा बरेचदा लंगडायचाच विसरतो. घरातली आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅक यांपैकी कुठलीही गोळी अंदाजानं देऊ नका. माणसाला रोजची असलेली मात्रा कुत्र्याचं पोट, मूत्रपिंड किंवा यकृत निकामी करू शकते.

कुत्र्याला चित्रपट, जाहिरात किंवा तिकीट लावून केलेल्या खेळासाठी न्यायचं असेल, तर २००१ चे खेळ करणाऱ्या प्राण्यांच्या नोंदणीचे नियम लागू होतात आणि भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये भारतीय सर्कस सुरू केली, तेव्हा असलं काही नव्हतं. या नियमांत एक कलम फार चांगलं आहे: प्राण्याला त्याच्या मूळ सहजप्रवृत्तीला धरूनच काम शिकवावं. घरीही हीच कसोटी लावून बघा. हुंगणं, शोधणं, उचलून आणणं, मागोवा काढणं हे कुत्र्याच्या रक्तात आहे. अमेरिकेतल्या चेसर या बॉर्डर कॉलीनं १,०२२ खेळण्यांची नावं शिकली होती. आपल्या कुत्र्याला चपला, वर्तमानपत्र आणि चेंडू अशा तीन वस्तू नावानं ओळखता आल्या तरी पाहुणे थक्क होतात. चार वाट्या पालथ्या घालून एकीखाली खाऊ लपवा, बाबांचा रुमाल घरभर शोधायला लावा. हे खेळ चौथ्या महिन्यात जमतात आणि चौदाव्या वर्षीही.

कुत्रा सात-आठ वर्षांचा झाला, की जुनी दोन पायांची करामत हळूहळू बंद करायला घ्यावी; मोठ्या जातीत एखाद-दोन वर्षं आधीच. यात एक अडचण येते. तुम्ही सांगणं थांबवलं तरी तो खाऊच्या आशेनं आपण होऊन उभा राहतो, कारण आजवर त्यावरच सगळ्यात जास्त शाबासकी मिळालेली असते. अशा वेळी रागावू नका, हसूही नका आणि खाऊही देऊ नका. तो चार पायांवर आला, की तळहात त्याच्या नाकासमोर गुडघ्याच्या उंचीवर धरा आणि हनुवटी टेकवल्याबरोबर खाऊ द्या. काही आठवड्यांत तो उभं राहण्याऐवजी हनुवटी पुढे करू लागतो. घरातल्या सगळ्यांनी मात्र एकच नियम पाळायला हवा, आणि आजोबांना हे दोनदा सांगावं लागेल, कारण चोरून बिस्कीट तेच देतात.